पाटी पुन्हा हाती घेताना

प्रस्तावना

शाळा म्हटली की पाठीवर दप्तर घेतलेले लहान मूल डोळ्यांसमोर येते. बाके, घंटा, वेळापत्रक, सुट्ट्या ही सारी व्यवस्था त्या मुलाच्या मापाने बेतलेली असते. परंतु ज्यांची शाळा मध्येच सुटली किंवा कधी सुरूच झाली नाही, असेही अनेक जण असतात. विसाव्या, चाळिसाव्या, कधी साठाव्या वर्षी ते पुन्हा पुस्तकाकडे वळतात. तुमच्यापैकी बरेच जण याच वाटेवरचे प्रवासी आहेत. या वाटेवर कोणत्या अडचणी येतात, त्यांपैकी कोणत्या खऱ्या आणि कोणत्या केवळ समजुतीच्या, आणि पूर्वी ही वाट चालून गेलेल्यांनी काय केले, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. पाठ वाचताना तुमचा स्वतःचा अनुभव त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

मूळ पाठ

पार्वतीबाईंचे इंग्रजी

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव कृष्णा जोशी. अकराव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी वैधव्य, असा त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग झटकन संपला. पदरी एक लहान मुलगा होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झाले आणि माहेरच्या घरात कामाला वाहून घेणे एवढेच पुढे उरले. शाळेत जाण्याचे वय केव्हाच मागे पडले होते. खरे तर त्यांच्या पिढीतील बहुतेक मुलींना ते वय आलेच नव्हते.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई हीदेखील बालविधवा. पंडिता रमाबाई यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे शिकण्यासाठी दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे ही गोदूबाई. विशी ओलांडलेली ही स्त्री मुळाक्षरांपासून शिकू लागली. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुढे ती आनंदीबाई कर्वे, म्हणजे सर्वांची ‘बाया’, म्हणून ओळखली जाऊ लागली. कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. याच सुमारास पार्वतीबाई मुलासह पुण्यास आल्या आणि बहिणीच्या व मेहुण्यांच्या आधाराने त्यांनी शिक्षणास प्रारंभ केला. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांच्या आसपास होते.

ज्या वयात त्या काळची स्त्री चार मुलांची आई असे, त्या वयात मुलाबरोबर धडे गिरवणे ही सोपी गोष्ट नव्हती. अभ्यास पूर्ण करून पार्वतीबाई आश्रमात शिकवू लागल्या व तेथील व्यवस्था पाहू लागल्या. १९०० पासून आश्रम पुण्याजवळच्या हिंगणे येथील माळावर एका झोपडीत भरू लागला होता. संस्थेला पैशांची नेहमीच चणचण असे. वर्गणी गोळा करण्यासाठी पार्वतीबाई गावोगाव आणि प्रांतोप्रांती फिरल्या. एकेकाळी उंबऱ्याबाहेर न पडणारी ही विधवा अनोळखी लोकांच्या सभांमधून विधवांच्या शिक्षणाविषयी बोलू लागली.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१२ पर्यंत त्यांनी विधवेचा रूढ वेष सोडला नव्हता. केशवपनाची प्रथा त्यांनी स्वतःपुरती मोडली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे शिकायला लागल्यापासून सुमारे सोळा वर्षे त्या एका पायाने जुन्या जगात आणि दुसऱ्या पायाने नव्या जगात उभ्या होत्या. शिक्षण सुरू केले की माणूस एका रात्रीत बदलतो, अशी पुष्कळांची समजूत असते आणि घरच्यांना धास्तीही त्याचीच वाटते. प्रत्यक्षात बदल हा असा हळूहळू आणि वळणावळणाने होतो.

मराठी मुलखाबाहेर फिरताना इंग्रजी येत नसल्याने पार्वतीबाईंची अडचण होई. देणगी देऊ शकणाऱ्या माणसाशी दुभाष्यामार्फत बोलावे लागे. तेव्हा इंग्रजी शिकायचे, असा निश्चय त्यांनी केला आणि त्यासाठी १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, थेट अमेरिका गाठली. हाती ना शिष्यवृत्ती, ना पुरेसा पैसा. लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी तेथे पोट भरले आणि जमेल तसे इंग्रजी शिकून घेतले. १९२० मध्ये त्या परतल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला.

अमेरिकेतून त्यांनी पदवी आणली नाही. लोकांशी स्वतःच्या तोंडाने बोलता यावे, एवढेच त्यांना हवे होते. प्रौढ वयात शिकणाऱ्याचा हेतू बहुधा असाच असतो. तो लहान, नेमका आणि ताबडतोब उपयोगी पडणारा असतो, आणि म्हणूनच तो बळकट असतो. सहा वर्षांच्या मुलाला आपण का शिकतो, हे ठाऊक नसले तरी चालते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला ते ठाऊक नसेल, तर तो दुसऱ्या आठवड्यात वर्ग सोडतो.

पार्वतीबाईंच्या जिद्दीचे कौतुक करताना त्यांच्यामागे उभी असलेली माणसे विसरता कामा नयेत. बहिणीचे घर, कर्व्यांचा आश्रम आणि मुलाची सोय हे सारे नसते, तर देवरुखच्या स्वयंपाकघरातून अमेरिकेपर्यंतचा रस्ता केवळ जिद्दीच्या बळावर निघाला असता का? परत शिकू पाहणाऱ्याला ‘मनावर घ्या, सगळे जमेल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याची भाकरी दोन तास थापून देणारे थोडे असतात.

पाठगत प्रश्न
१. पार्वतीबाईंना इंग्रजी शिकण्याची गरज का वाटली?
२. ‘एका पायाने जुन्या जगात आणि दुसऱ्या पायाने नव्या जगात’ या शब्दप्रयोगाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

लाज कोठे अधिक वाटते?

निरक्षरतेची लाज सर्वत्र सारखी नसते. ज्या गावात दहांपैकी आठ जणांना वाचता येत नाही, तेथे अंगठा उठवणारा माणूस एकटा नसतो. पत्र वाचायचे असले की सारेच मास्तरांकडे किंवा पोस्टमनकडे जातात. साक्षरता वाढते, तसतसा उरलेला निरक्षर मात्र एकाकी होत जातो.

चंडीगढ शहराचे उदाहरण पाहा. स्वातंत्र्यानंतर आखून बांधलेले हे शहर. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील साक्षरता सुमारे ८६ टक्के होती, म्हणजे देशाच्या ७४ टक्के या सरासरीहून बरीच अधिक. या शहरातील पत्तेच अंकांचे असतात. अमुक सेक्टर, अमुक क्रमांकाचे घर. बांधकामावर किंवा घरकामाला जाणाऱ्या निरक्षर माणसालाही तेथे अंक ओळखावेच लागतात आणि तो ते ओळखतोही. अडते ते अक्षरांपाशी. दवाखान्याची चिठ्ठी, मुलाच्या शाळेतून आलेली सूचना किंवा बँकेचा फॉर्म पुढे आला की ‘चष्मा घरी राहिला’ असे म्हणून तो वेळ मारून नेतो. सातांपैकी सहा जण वाचणारे असलेल्या शहरात सातवा राहणे अवघड असते.

आणि ज्याला समाजात मोठा मान आहे, त्यालाही ही अडचण चुकत नाही. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांनी उतारवयात मुक्त शिक्षणाच्या मार्गाने दहावी-बारावीचा अभ्यास केला. दहावीचा इंग्रजी विषय राहून गेल्यामुळे त्यांचा बारावीचा निकाल अडकला. ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी सिरसा येथे इंग्रजीची परीक्षा दिली आणि शंभरपैकी ८८ गुण मिळवले. मे २०२२ मध्ये चंडीगढ येथे त्यांच्या हाती गुणपत्रिका पडल्या. पार्वतीबाईंपासून चौटालांपर्यंत पाहिले, तर अडणारा विषय इंग्रजीच, हा योगायोग म्हणायचा की आपल्या शिक्षणव्यवस्थेचा स्वभाव, याचा विचार वाचकांनी करावा.

लाजेवरचा उपाय एकट्याने सापडणे कठीण असते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी तो गावाने मिळून शोधला. तेथे शिवजयंतीनिमित्त वाचन चालले असताना, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते, अशी खंत काही वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखवली. गावातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात येऊ लागल्या. वेळ दुपारची ठेवली, कारण सकाळ घरकामाची आणि संध्याकाळ चुलीची. गणवेशाचा गुलाबी रंग विधवा आज्यांनीही आनंदाने अंगावर घेतला. नातवंडे आजीचा अभ्यास घेऊ लागली. ज्या बँकेत पूर्वी अंगठा उठवावा लागे, तेथे या आज्या सही करू लागल्या.

या शाळेची बातमी जगभर गेली ती नवलाईची म्हणून. परंतु तिच्यातील शहाणपण नवलाईत शोधण्यापेक्षा वेळापत्रकात आणि सोबतीत शोधावे. सगळ्याच आज्या शिकत असतील, तर लाजायचे कोणी आणि कोणाला? याउलट केनियातील किमानी मारुगे हे गृहस्थ २००४ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, प्राथमिक शाळेच्या पहिलीत लहान मुलांबरोबर जाऊन बसले. तेथील सरकारने आदल्याच वर्षी प्राथमिक शिक्षण मोफत केले होते. असे धैर्य विरळा. व्यवस्था उभी करायची ती मात्र ज्यांच्यापाशी एवढे धैर्य नाही अशा सर्वांसाठी.

आपल्याकडे याचा विचार फार आधी झाला होता. जोतीराव फुले यांची स्वतःची शाळा लहानपणी सुटली होती. शेजारच्या गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातल्यामुळे १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत जाऊ शकले. त्याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शाळेत बोलावण्यात अर्थ नाही, हे ज्याची शाळा एकदा सुटलेली असते, त्याला अधिक चांगले कळते.

डोळे, हात आणि आठवण

‘या वयात आता डोक्यात काही शिरत नाही’ ही प्रौढ विद्यार्थ्याची नेहमीची तक्रार. तिच्यात थोडे तथ्य आहे. नवी नावे, सनावळ्या, व्याकरणाचे नियम हे सारे पंधराव्या वर्षी जितक्या झटपट पाठ होई, तितके पंचेचाळिसाव्या वर्षी होत नाही. परंतु वाचलेल्याचा अर्थ लावणे आणि त्याची अनुभवाशी सांगड घालणे, यांत प्रौढ माणूस मुलापेक्षा पुढे असतो. म्हणून त्याने पाठांतरापेक्षा समजून घेण्यावर भर द्यावा आणि एकदम चार तास बसण्याऐवजी रोज अर्धा तास अभ्यास करावा. काल वाचलेले आज पुस्तक मिटून आठवून पाहावे. नुसते पुन्हा पुन्हा वाचत राहण्यापेक्षा त्याने अधिक लक्षात राहते.

मात्र पुष्कळदा दोष स्मरणशक्तीचा नसतोच. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे बारीक अक्षर धूसर दिसू लागते. यालाच आपण ‘चाळिशी लागणे’ म्हणतो. शेतात किंवा रस्त्यावर काम करताना हे जाणवत नाही, कारण तेथे सारे लांबचे पाहायचे असते. पुस्तक उघडल्यावर मात्र अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि विद्यार्थिनी समजते की आपण अक्षर विसरलो. वर्गात नाव घालण्यापूर्वी डोळे तपासून घेणे, हा अभ्यासाचा पहिला धडा मानावा. हाताचेही तसेच. खुरपे, थापी किंवा घण धरून घट्ट झालेल्या बोटांना पेन हलके धरता येत नाही. सुरुवातीला जाड पेन्सिल आणि मोठ्या रेघांची वही घ्यावी. यात कमीपणा काही नाही.

गणिताची भीती हा तर स्वतंत्र विषय आहे. भाजीवाली सव्वा किलो वांगी, पाव किलो मिरची आणि तीन जुड्या मेथीचा हिशोब तोंडी करते आणि गिऱ्हाइकाला उरलेले पैसे परत देते. तीच बाई वहीत ‘क्ष’ दिसला की थिजते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशोबांची त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच प्रकारची गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. मुले पाचच होती, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण ज्याला बाजार येतो, त्याला गणित येत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे, एवढे तरी यातून दिसते. शिक्षकाने बाजारातून वहीकडे जावे. वहीतून बाजाराकडे येण्याचा रस्ता प्रौढांसाठी लांबचा ठरतो.

कागदपत्रांचा अडसर

अभ्यासाची तयारी झाली तरी प्रवेशाचा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात बाहेरून दहावीला बसणारा उमेदवार ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या फॉर्मबरोबर शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो आणि तो वीस वर्षांपूर्वीच्या गावातील शाळेत असतो. लग्न झालेल्या स्त्रीची पंचाईत याहून मोठी. दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. मग विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल अशी धावाधाव सुरू होते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. असे कितीतरी विद्यार्थी पुस्तक उघडण्यापूर्वीच गळतात आणि त्यांची नोंद कोणत्याही गळतीच्या आकड्यात होत नाही, कारण ते पटावर आलेलेच नसतात.

ही कामे कामधंद्याचा भर कमी असतानाच उरकून घ्यावीत. दाखल्याची दुसरी प्रत काढताना पटावरील नोंद स्वतः पाहून घ्यावी आणि नावातील एका वेलांटीची चूकही तेव्हाच दाखवून द्यावी. पुढे ती दुरुस्त करून घेणे फार जड जाते.

शिकलेले टिकवणे

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती महाराष्ट्रभर पसरली. शिक्षक, विद्यार्थी, शिकलेले गावकरी असे सारे मिळून गावातील निरक्षरांना शिकवत. गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव’ समारंभ होई. साक्षरता ही एकेकट्याची नव्हे, तर गावाची प्रतिष्ठा ठरली, हे या मोहिमेचे मोठे यश. परंतु समारंभ संपल्यावर वाचायला काही हाती नसल्याने पुष्कळ नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. न वापरलेले अक्षर गंजते. पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, तेव्हा साक्षरतेनंतरच्या शिक्षणाची भाषा वारंवार ऐकू येऊ लागली, ती अशाच अनुभवांमुळे.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सलग वर्षभर चालणारा वर्ग त्यांच्या कामाचा नाही. मुक्त विद्यालयाची कल्पना अशांसाठीच उपयोगी पडते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत माध्यमिक प्रवेशासाठी किमान वय चौदा आहे, कमाल वयाची अट नाही. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सर्व विषय एकदम द्यावे लागत नाहीत. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. एका हंगामात मराठी, पुढच्या हंगामात गृहविज्ञान, गणित सर्वांत शेवटी, असा क्रम कोणी लावला तरी चालतो.

या मोकळिकीचा तोटाही आहे. घंटा वाजवणारे कोणी नाही, गैरहजेरी मांडणारे कोणी नाही. पाच वर्षे आहेत म्हणून पहिली दोन वर्षे सहज निघून जातात. ज्यांनी वस्तीतील दोघा-तिघांचा गट करून आठवड्यातून एक ठरलेली वेळ पाळली, ते टिकून राहण्याची शक्यता अधिक. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला आजारपण, लग्नसराई किंवा कापणी आली की वही कपाटावर जाते आणि मग ती खाली काढायला कोणी आठवण करून देत नाही.

स्वाध्याय

१. ‘प्रौढ वयात शिकणाऱ्याचा हेतू लहान, नेमका आणि बळकट असतो.’ तुम्ही पुन्हा शिकू लागलात, त्यामागचा तुमचा नेमका हेतू आठ ते दहा ओळींत लिहा.
२. साक्षरता वाढते तसा उरलेला निरक्षर एकाकी होतो, हे मत तुम्हाला पटते का? तुमच्या गावातील किंवा वस्तीतील उदाहरण द्या.
३. फांगण्याच्या शाळेची वेळ दुपारची का ठेवली? तुमच्या वस्तीत असा वर्ग काढायचा झाल्यास कोणती वेळ ठेवाल? कारण लिहा.
४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : वेळ मारून नेणे, मनावर घेणे, पंचाईत होणे, चाळिशी लागणे.
५. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळण्यासाठी तुमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. अर्जात शाळा सोडल्याचे वर्ष, इयत्ता आणि त्या वेळचे संपूर्ण नाव यांचा उल्लेख करा.
६. उपक्रम : शाळा अर्धवट सुटलेल्या तुमच्या ओळखीच्या एका व्यक्तीशी बोला. शाळा का सुटली आणि आज पुन्हा शिकायचे म्हटले तर कोणती एक अडचण आधी दूर व्हायला हवी, हे विचारून तिच्याच शब्दांत लिहून आणा.